उपाशी शतावरी

तात्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर मुळांचे प्रकार शिकवत होते. आमची शाळा भिवंडीत, धामणकर नाक्याजवळ. बाहेर लूमचा खडखडाट, शिपायाला दोनदा सांगावं लागलं. मी तास पुरा केला आणि मगच कोनला, आमच्या गावी निघाले. लोकांना ते खटकलं. खटकू दे... तात्या माझा थोरला चुलता. वडील लवकर गेले, तेव्हापासून घरात शब्द त्याचा. जिवंतपणी मी त्याला कधी अहोजाहो केलं नाही, आता मेल्यावर करणार नाही.

बाराव्याला जो तो सांगत होता, तात्या म्हणजे झाडांचा माणूस, त्याच्या हाताला गुण होता. "तू शिकलेली, त्याच्यावर चार बरे शब्द लिही," हेही मलाच सांगितलं. लिहिते. बरे आहेत का, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी मिरवते, कारण फुकट मिळालेलं नाही. कल्याणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते तेव्हा तात्या घरामागच्या तुकड्यात शतावरी लावायचा आणि कल्याणच्याच एका वैद्यबुवांना विकायचा. खत एकच, युरिया. त्या पांढऱ्या दाण्यांवर त्याची ग्रामदेवतेपेक्षा जास्त श्रद्धा. वैद्याला हवी असते शतावरीची मुळी, आणि युरियाने माजायचा नुसता पाला. वैद्यबुवा दर खेपेला नाक मुरडत. तात्याला ते दिसत नसे, आणि दाखवणारी पुतणी असली की अजिबात दिसत नसे.

अशात पॉवरलूमची शेड टाकायला कुणीतरी तो तुकडा मागितला. मी भांडले, जेवण सोडलं, पुन्हा भांडले. शेवटी ओटीवर चारचौघांत ठरलं. अर्धे वाफे त्याचे, अर्धे माझे. माझी मुळी वैद्यबुवांना पसंत पडली तर तुकडा औषधी झाडांना राहील आणि माझ्या पद्धतीने पिकेल. नाहीतर शेड.

मी खड्ड्यात शेण आणि पालापाचोळा कुजवला. कृषी महाविद्यालयातून जीवाणूंची पुडी आणली, ती काळी भुकटी गुळाच्या पाण्यात कालवली आणि रोपांची मुळं त्यात बुडवून लावली. हवेतला नत्र हे जीवाणू मातीत आणतात, असं सगळ्यांना समजावत होते. तात्या बांधावर बसून तंबाखू मळत होता.

"काय गो बाय, त्या पुडीत जंतूच हायेत ना?"

"हो. जिवंत आहेत."

"जंतू मारायला मानूस औषध घेतो, आनि तू औषधालाच जंतू पाजतेस! वर गूल घालून!"

सगळी आळी हसली. पुढे मी बसला उभी राहिले तरी मागून आवाज यायचा, "जंतूताई, गूल आनलास का?"

रोपांनी जीव धरला. सावकाश, पण खालून धरला. एक उपटून पाहिलं तेव्हा मुळीला हाताला लागेल असा गर होता. मग शेवटच्या वर्षाची परीक्षा आली आणि मी कल्याणला मावशीकडे राहायला गेले. परत आले तर माझे वाफे त्याच्या वाफ्यांसारखेच, काळपट हिरवे, माजलेले. खाली वाकले. ओल्या मातीवर पांढरे दाणे.

तात्या तिथेच उभा होता. लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं.

"पिवली दिसली गो. उपाशी होती. तू थय पुस्तकं वाचत बसलीस, हितं कोन घालनार त्यांना?"

त्या वर्षी युरियाची टंचाई होती. एका गोणीसाठी माणसं सोसायटीच्या दारात पहाटेपासून बसत. तात्या आपली गोणी खाटेखाली ठेवून वर झोपायचा. बाराव्याला एकजण म्हणाला, बघ, टंचाईत त्याने स्वतःच्या तोंडचं खत तुझ्या रोपांना दिलं. मी त्याला सांगितलं, मागितलं असतं तर दिलं म्हणता आलं असतं.

वैद्यबुवांनी दोन्हीकडच्या मुळ्या मोडून पाहिल्या. पाणी निथळलं. "दोन्ही सारख्याच की," म्हणाले आणि हात पुसले. तात्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवाळीच्या आत शेड उभी राहिली. आज तिथे दोन पाळ्यांत लूम चालतात, आणि मी शाळेत फळ्यावर मुळं काढते.

बाराव्याहून निघताना दिगू आला, तात्याचा मुलगा. हातात तेलाचा जुना डबा, त्यात शतावरीचं एक झाड. शेडचा पाया खणला त्या दिवशी तात्याने माझ्या वाफ्यातलं उचलून ठेवलं होतं म्हणे. कायम त्याच्या खाटेच्या उशाशी असायचं.

"ताई, हे तुजं. बाबानं सांगून ठेवलंय, पोरीचं रोप उपाशी ठेवायचं न्हाय. म्हनून मी सकालीच घातलं."

मी डब्यात पाहिलं. पांढरे दाणे... मेल्यावरसुद्धा!

तिथेच ओट्यावर बसून मी दाणे वेचले, वरची माती खरवडून टाकली. दिगू बघत राहिला. डबा मांडीवर घेऊन भिवंडीला आले. आता तो माझ्या खिडकीत आहे. त्याला कुजलेलं शेणखत आणि गुळाच्या पाण्यातली काळी भुकटी, एवढंच मिळतं. गेल्या आठवड्यापासून झाड पिवळं पडू लागलंय. शेजारीण म्हणाली, उपाशी दिसतंय हो.

पडू दे पिवळं. मुळी धरायला वेळ लागतो, आणि आता मध्ये हात घालणारं कुणी नाही.