फाट्यावर उभी मोटार

घरात कुणी समुद्राचा विषय काढला की माझी मुलगी अजून सांगते, "आम्ही तर लहानपणीच पाहिला. बाबांनी स्वतःच्या मोटारीतून नेलं होतं." तिला वाळू आठवते, शहाळं आठवतं, धाकट्यानं समुद्राचं पाणी पिऊन केलेलं वेडंवाकडं तोंड आठवतं. मला जे आठवतं ते मी तिला कधी सांगितलं नाही. आता तिचीच मुलं मोठी झाली, तेव्हा लिहून ठेवायला हरकत नाही.

आम्ही तेव्हा भिंगारला राहत होतो. माझ्या नवऱ्याची नगर-पाथर्डी अशी प्रवासी मोटार होती. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून मागे कोळशाची भट्टी लावून ती चालवायचे. हे संध्याकाळी घरी आले की आधी न्हाणीत जायचे, मग आम्हाला चेहरा दिसायचा. लढाई संपली, लष्करानं काढून टाकलेल्या गाड्या लिलावात निघाल्या, आणि ह्यांनी त्यातली एक लहान मोटार घेतली. तिला रंग दिला, गाद्या नव्यानं शिवून घेतल्या आणि रोज सकाळी तिला पुसायला लागले. घरातल्या माणसांना एवढं कुणी कधी पुसलं नव्हतं.

एके दिवशी जेवता जेवता हे म्हणाले, "पोरान्ला समिंदर दाखवून आनू. अलिबागच्या अंगानं जाऊ, लई झ्याक रस्ता हाय म्हनत्यात."

माझा घास हातातच राहिला. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या त्याच रस्त्यावर माझं माहेर होतं, आणि लग्नानंतर एकदाही मी तिथं गेले नव्हते.

त्याचं कारण सांगायलाही लाज वाटते, इतकं ते क्षुल्लक. माझे वडील लवकर गेले. भिंगारच्या लष्करी कोठारात कारकून असलेल्या मामानं माझं लग्न जमवलं आणि मग तोही बदली होऊन गेला. पहिल्या दिवाळीला लेक-जावयाला न्यायला माहेराहून माणूस यायचा असतो. माझ्या भावानं माणूस न पाठवता कार्ड टाकलं, कारण भाताची कापणी चालू होती. झालं! सासरी सगळे तापले. आम्ही काय कार्डावर जाणारी माणसं वाटलो? कुणी गेलं नाही. तिकडे भावाला वाटलं, आपण बोलावलं ते ह्यांनी झिडकारलं. आता तोही अडून बसला. मग लढाई आली, आणि दोघांनाही न हलायला चांगलं निमित्त मिळालं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण न्यायला कुणी आलं नाही. ते भिंगारलाच झालं, आणि दुसरंही. थोरली पाच वर्षांची झाली, धाकटा तीनचा, आणि माझ्या आईनं त्यांना पाहिलंच नव्हतं. ती भावाच्या हाताखाली राहणारी विधवा बाई, तिला कोण विचारतो? नगरकडे येणारं कुणी भेटलं की त्याच्याबरोबर ती आमसुलं पाठवायची, आणि दर वेळी एकच निरोप असायचा, की पोरं एकदा नजरेला पडू देत.

म्हणून समुद्राचं नाव निघालं तेव्हा मला वाटलं, ह्यांना उघड बोलायला जड जातंय, म्हणून आडून मला माहेरी नेतायत. मी गाठोडं बांधलं. आईसाठी धनगराकडून घेतलेली घोंगडी, वाळवलेला हुरडा आणि शेंगा. ह्यांनी ते स्वतःच्या हातानं मोटारीच्या मागे आवळून बांधलं, एक शब्द न विचारता. मी ते कबुली म्हणून धरलं.

पुण्यापर्यंत पोरं गात होती. खंडाळ्याच्या घाटात दोघांनीही ओकून नव्या गाद्यांचा उद्धार केला. हे नेहमीप्रमाणे खेकसतील म्हणून मी अंग चोरून बसले, तर हे हसले आणि स्वतः उतरून गादी धुतली. पेणला मुक्काम केला, वाटेतली खाडी मोटारीसकट तरीच्या होडीवरून ओलांडली आणि दुसऱ्या सकाळी अलिबाग सोडलं. उजव्या हाताला नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्यांच्यामधून मध्येच समुद्र दिसायचा. दिसला की पोरं किंचाळायची, हे मोटार हळू करायचे.

एका जागी आम्ही वाळूवर उतरलो. ह्यांचं लहानपण पाथर्डीकडे गेलेलं, तिथं घागरभर पाण्यासाठी चालत जावं लागे. ते धाकट्याला खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात उभे राहिले. थोरलीनं विचारलं, "एवढं पाणी आणि प्यायचं नाही?" त्यावर हे इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्या सकाळी मी त्यांना सगळं माफ करून टाकलं होतं. आज हे लिहितानासुद्धा त्याचा संताप येतो.

पुढे निघालो. ओळखीचं देऊळ दिसलं, ओळखीची विहीर दिसली, आणि मी पोरांचे केस सारखे करायला घेतले. आमच्या वाडीकडे जाणारा फाटा आला. मी म्हटलं, "अहो, इथून आत वळायचं."

ह्यांनी फाट्यावर मोटार थांबवली, पण वळवली नाही.

"कोन आलंय न्यायला?" हे म्हणाले.

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. "आता दारात आल्यावर कोण येणार न्यायला?"

"मग बोलावल्याबिगर मी त्या घरात पाऊल ठेवायचा न्हाई. समिंदर दाखवायचा म्हनलं हुतं, दाखवला."

"मग ते गाठोडं कशाला बांधलंत?"

"तू दिलंस, मी बांधलं."

मी हातापाया पडले. पोरं बघत होती, तरी पडले. शेवटी ह्यांनी एवढं कबूल केलं, की वाडीतून कुणी रस्त्यापर्यंत येऊन नुसतं 'या' म्हटलं, तरी मोटार वळवतो. तेवढ्यात नारळ उतरवून रिकामी चाललेली एक बैलगाडी आली. गाडीवाल्यानं मला परकरातली असल्यापासून पाहिलेलं. मी त्याच्या गाडीत गाठोडं टाकलं आणि म्हटलं, आईला दे, आणि दादाला सांग, आम्ही फाट्यावर उभे आहोत, एकदा येऊन बोलाव.

फाट्यापासून घर लांब नव्हतं, पण पोफळींमुळे दिसत नव्हतं. हे पोरांना मोटारीचा भोंगा वाजवू देत होते. प्रत्येक भोंग्याला मला वाटायचं, हा आईला ऐकू गेला असेल.

गाडीवाला चालत परत आला, एकटाच. ह्यांच्याकडे न बघता माझ्याशी बोलला. "दादा म्हणतो, दार उघडं आहे. मोटार दारापर्यंत येते. रस्त्यावर येऊन ओवाळायला कुणी रिकामं नाही." मग आवाज उतरवून म्हणाला, "म्हातारी ओट्यावर येऊन बसली आहे. तिचे गुडघे चालत नाहीत, नाहीतर तीच आली असती."

"ऐकलंस?" हे म्हणाले, आणि पुढचं हँडल फिरवून मोटार चालू करायला खाली उतरले.

मी दार उघडलं. धाकट्याला कडेवर घेतलं, थोरलीचा हात धरला. ह्यांनी पुढून येऊन दार धरलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुला जायाचं तर जा. पोरं खाली उतरायची न्हाईत. पोरं माज्या घरची हायेत."

मी एकटी जाऊन आईला काय दाखवणार होते? तिला माझं तोंड पाहायचं नव्हतं, पोरं पाहायची होती. ओट्यावर बसलेल्या बाईसमोर मोकळ्या हातांनी उभं राहायचं, आणि पोरं तिथं रस्त्यावर मोटारीत आहेत म्हणून सांगायचं? मी परत बसले. थोरली म्हणाली, "आई, रडतेस का? समुद्र परत दिसणार आहे ना?" समुद्र परत दिसला. रेवदंड्याचा किल्लाही दिसला, म्हणे. मी मोटारीतून उतरले नाही. येताना त्याच फाट्यावरून हे सुसाट गेले आणि मी पोरांना दुसऱ्या बाजूची झाडं दाखवत बसले.

पुढच्या पावसाळ्याअखेर तार आली, आई गेली. मी तार हातात धरून उभी होते, आणि हे उठून सरळ मोटारीकडे गेले. मी म्हटलं, "बोलावणं कुठं आलंय?" मी वेडी असल्यासारखं बघून हे म्हणाले, "मयताला बोलावनं कशाला लागतंय? पोरान्ला तयार कर."

या वेळी फाट्यावर मोटार थांबली नाही. ती थेट अंगणात गेली. आईला नेऊन झालं होतं. भाऊ ओट्यावरून धावत आला, ह्यांनी त्याला मिठी मारली, आणि ते दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून असे हमसून रडले की शेजारच्या बायका म्हणाल्या, जावई असावा तर असा, न बोलावता आला. वहिनीनं मला आत नेलं. ती म्हणाली, त्या दिवशी आईनं पोरांवरून ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेतलं होतं, आणि अंधार पडेपर्यंत ती ओट्यावरून उठली नव्हती.

तेराव्यानंतर आम्ही निघालो. भाऊ मोटारीजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वर्ष सरलं की दिवाळीला मी स्वतः न्यायला येणार." ह्यांची मान ताठ झाली. "येऊ की," हे म्हणाले, "बोलावल्यावर का न्हाई येनार?"

तो खरंच आला. दिवाळीच्या आधी, नारळ घेऊन, भिंगारच्या आमच्या दारात. ह्यांनी त्याला पाट मांडला, नवा टॉवेल दिला, पोरांना त्याच्या पाया पडायला लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चल, आवर. तुजा भाऊ न्यायला आलाय."

मी भावाला जेवायला वाढलं. दोन वेळा भात वाढला, वर तूप वाढलं. मग म्हटलं, "दादा, आता तिथं पोरं कुणाला दाखवू?" दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत गेला, आणि बोलावणं आल्यावरही न जाऊन मी माणसाचा अपमान केला, म्हणून हे माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत.