खोकं नसलेला खेळ

शेफिल्डातल्या चर्चच्या हॉलात जुन्या खेळण्यांचा बाजार भरला होता आणि एनिड गार्बट दारातनंच तापलेल्या डोक्यानं आत शिरली. लहानपणीचा एक खेळ तिला कुठंच सापडत नव्हता. टेबलावर मांडायची लांब पत्र्याची पट्टी, तिच्यावर शर्यतीचे कुत्रे, टोकाला पितळी मूठ. मूठ फिरवली की कुत्रे पळत. भाऊ क्लाइव्ह म्हणायचा, असलं काही आपल्या घरात नव्हतंच. त्याचं तोंड बंद करायला ती गावोगावचे बाजार पालथे घालत होती.

एका दुकानदारानं विचारलं, खोक्यावर चित्र कसलं होतं? खोकं आठवत नाही म्हटल्यावर तो गालात हसला. दोन खेळांची गल्लत झालीय म्हणाला.

"मुठीला बारीक खाचा होत्या, बोटं घसरू नयेत म्हणून," एनिड कडाडली. "त्या काय स्वप्नात टोचल्या मला?"

चहाच्या टेबलामागून म्हाताऱ्या विल्फनं मान वर केली. कारखान्यात तिच्या बापाच्या शेजारच्या लेथवर त्याची उमर गेलेली.

"खोकं कुठनं असणार, पोरी? तुझ्या बापानं, अरनॉल्डनंच घडवला तो."

नाताळ आला की कारखान्यातला प्रत्येक बाप मालकाच्या वेळेत, मालकाच्या पितळेतून पोरांसाठी काहीबाही करायचा. फोरमन तेवढा वेळ खिडकीकडं तोंड करायचा. त्या साली फोरमन नवा होता. बाकी खेळ घरी पोचलेला, शेवटचा कुत्रा कारखान्याच्या फाटकावर अरनॉल्डच्या जेवणाच्या डब्यात सापडला आणि त्याची नोकरी गेली.

"नोकरी तर दारूपायी गेली," एनिड म्हणाली.

"अरनॉल्डची? अर्ध्या ग्लासात झोपायचा गडी."

गल्लीत दारूला कुणी नावं ठेवत नसे, चोरीला ठेवत. म्हणून आईनं खेळ मोडून नदीत टाकला आणि दारूचं नाव पुढं केलं. लग्नात नवरीला बापानं हाताला धरून आत न्यायची रीत, पण एनिड स्वतःच्या लग्नात दारुड्याचा हात नको म्हणून मामाच्या हाताला धरून चर्चमध्ये गेली होती. बाप मागच्या बाकावर बसला. खरं काय ते त्यानं मरेपर्यंत तिला सांगितलं नाही.

तिनं तिथूनच क्लाइव्हला फोन लावला.

"माझा कुत्रा कुठल्या रंगाचा होता रे?"

"निळा," तो बोलून गेला. मग घाईघाईनं म्हणाला, "अगं, आईनं गप्प राहायची शपथ घातली होती."

"तुला शपथ घातली. मला दारुडा बाप दिला."

फोन आपटून ती त्या दुकानदारासमोर जाऊन उभी राहिली.

"खोकं नव्हतंच," ती म्हणाली, अख्ख्या हॉलाला ऐकू जाईल अशा आवाजात. "माझ्या बापानं केला होता तो."