यादी खिळ्यावर नव्हती

ताईच्या खोलीच्या दारामागे एक खिळा आहे आणि त्या खिळ्यावर यादी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. चार वर्षांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ती माझ्याकडे राहते, चिचगडच्या अलीकडे आमच्या गावात. मी देवरीला एका शाळेत लिपिक आहे, नवरा बाहेरगावी नोकरीला. सकाळी साडेआठला स्कूटी काढते, संध्याकाळी परत. मधल्या वेळात ताईजवळ कोणीतरी हवं, आणि त्या कोणाला काय करायचं ते कळायला हवं. म्हणून यादी. सतरा कामं, प्रत्येकापुढे वेळ. चहा सांडून दोन याद्या वाया गेल्यावर तिसरी मी लॅमिनेटच करून आणली. झालेल्या कामापुढे पेनाने खूण करायची, संध्याकाळी मी ओल्या फडक्याने पुसायची.

यादी टिकली, मदतनीस टिकेनात. पहिली लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली. दुसरी गोंदियाहून आली, पांढरा कोट घालून. तिने यादी दोनदा वाचली आणि म्हणाली, "दीदी, इतना टाइम-टेबल तो स्टेशन पे भी नहीं रहता." चौथ्या दिवशी गेली. ताईने त्या दिवशी दोन घास जास्त खाल्ले, कारण ती बाई तिला "माताजी" म्हणायची.

तिसरी गावातलीच. चाळिशीची, सातवी शिकलेली, ताईला अलगद पलंगावरून खुर्चीत बसवणारी. यादीपुढे तिच्या खुणा अशा ठसठशीत असत की पुसताना मला वाईट वाटायचं.

मग रोवणा आला. धानाची रोवणी सुरू झाली की आमच्या गावात घरी फक्त कोंबड्या उरतात. गुरुवारी संध्याकाळी ती दारात उभी राहिली.

"म्याडम, उद्यापासून पंधरा दिवस सुट्टी पायजे. रोवना लागला."

"पंधरा दिवस? ताईजवळ कोण बसेल?"

"मी लोकाईच्या बांधीत नाई गेली तं लोकं माह्या बांधीत येतीन काऊन? माहे परे तसेच पिवरे होऊन जातीन."

तिचंही खरं होतं; परे, म्हणजे भाताची रोपं, वेळेत बांधीत, म्हणजे खाचरात, लागली नाहीत तर वर्ष वाया. पण माझीही अडचण होती, आणि ती नागपुरात राहात होती. ताईच्या मुलाने तिथे चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आहे. दुसरी बाई गेली तेव्हाच तो फोनवर म्हणाला होता, "मावशी, आता आणखी एक गेली तर आईला मी घेऊन येतो. हट्ट चालणार नाही." या रविवारी तो गाडी घेऊन येणारच होता, आणि रोवण्यात बाई टिकत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. ताई त्या फ्लॅटमध्ये एकदा आठ दिवस राहून आली होती. "तिथं खिडकीतून दुसरी खिडकी दिसते," ती म्हणाली होती, "अन् सकारी कोंबडं नाई, कुकर आरवते." परत आल्यावर दोन दिवस ती आमच्या अंगणातून आत यायला तयार नव्हती.

म्हणून मी कडक झाले. "सुट्टी नाही. यादीतलं एकही काम चुकता कामा नये. बाकी तुझं तू बघ."

तिने ताईकडे पाहिलं. ताईने तिच्याकडे पाहिलं. "हाव म्याडम," ती म्हणाली.

शुक्रवारी शाळेत वीज गेली, संगणक बंद पडला, मी दुपारी एकलाच घरी आले. दार नुसतं लोटलेलं. ताईची चाकाची खुर्ची ओसरीत, रिकामी. पलंग रिकामा. मोरीशेजारी कमोडची खुर्ची असते, तीही गायब. आणि खिळ्यावर यादी नव्हती. खरं सांगते, खुर्च्यांपेक्षा खिळा पाहून मी जास्त घाबरले. आजवर माझ्या घरात यादीने जागा सोडली नव्हती.

मला वाटलं, भाचा दोन दिवस आधीच येऊन घेऊन गेला. फोन लावणार इतक्यात शेजारच्या म्हातारबुवांनी कुंपणावरून हात केला. "ट्रॅक्टरवर गेली तुही बहीन. परे घेऊन राहिले होते, त्याईच्यावरच बसवली. छत्री बी होती."

मी स्कूटी तलावाच्या पाळीवरून घातली आणि शेवटी चिखलातून चालत बांधीवर पोचले. पंधरा-वीस बाया ओळीत वाकून रोवत होत्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या उंचशा कडेवर, कमोडची खुर्ची. त्यात ताई. कमरेला ओढणीने खुर्चीशी बांधलेली, खुर्चीच्या दांड्याला छत्री बांधलेली, मांडीत धानाच्या रोपांच्या जुड्या. ताई सगळ्या ओळीवर ओरडत होती.

"अवो, तिकडची! दाट लावून राहिली! धान लावतेस का झाडू?"

पक्षाघाताआधी या शिवारात रोवण्याची गाणी तीच सांगायची. मला पाहून तिने सूर लावला:

"यादी लिहून राहिली बहीन माही,
शिंकाले बी तिच्यात जागा नाई!"

वीस बायांनी ते वाकल्या वाकल्या उचललं. मी छातीशी पर्स धरून उभी.

"हे काय चाललंय?" मी मदतनीसबाईला विचारलं. ती गुडघाभर चिखलातून माझ्याकडे आली.

"यादी करून राहिलो म्याडम."

"यादी घरी करायची असते!"

"तसं लिवलं नाई तिच्यात." तिने पदराखालून यादी काढली. लॅमिनेट केलेली होती म्हणूनच जगली. सगळ्या खुणा चिखलाच्या बोटांच्या.

मी वाचत गेले. नऊ वाजता रक्तदाबाची गोळी: दिली. डाव्या हाताची बोटं पन्नास वेळा उघडणं-मिटणं: घरी पाचाच्या पुढे ताई मला शिव्या देते, इथे तिने जुड्या सोडून सोडून ढीग घातला होता. आधाराने दहा पावलं: बारा झाली.

"बारा कशी?"

"बकरी आली होती," ताई म्हणाली. "हाकलाले गेली."

"आणि साडेअकराचं? ते कुठे?"

"चार जनींनी लुगडं धरलं. खुर्ची त्याच्याचसाठी आनली न वं. अशी हवा तुह्या मोरीत बी नाई."

बाराच्या जेवणात मी मुगाची खिचडी लिहिली होती. ती डब्यात आली होती, पण अर्धीच संपली, कारण वर बायांच्या शिदोरीतली लाखोळीची डाळ झाली होती. शेवटी, दुपारी एक: 'मन प्रसन्न राहील असे बोलणे.' तिथे दोन बोटांची खूण होती.

"काय बोललात?"

बाया खाली पाहून रोवू लागल्या. "तुह्याबद्दलच," ताई म्हणाली.

रागवायला मला एकही चुकलेलं काम सापडेना. मी दोनदा शोधलं.

रविवारी भाचा आला. गाडीत मागच्या सीटवर उशी, पाण्याच्या बाटल्या, आईच्या औषधांसाठी नवा डबा. नीटनेटकेपणा त्याने माझ्याकडूनच घेतला आहे. "आई तयार आहे ना?"

मी त्याला यादी दिली. शनिवारी रात्री मी ती नव्याने केली होती. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'स्थळ: बांधी, रोवणा संपेपर्यंत.'

तो जोडे हातात घेऊन माझ्यामागून आला. ताईने त्याला धुऱ्यावरून पाहिलं आणि आधी त्याची पँट पाहिली.

"आलास? वर कर ते. परे संपून राहिले तिकडे, फेक जुड्या."

"आई, चल ना घरी. आपण निघू..."

"कुठी निघू? मी कामावर आहो."

"हाव भाऊ," मदतनीसबाई म्हणाली, "ताई गेल्या तं ओळ वाकडी होऊन जाते."

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात ताईने मांडीतली जुडी उचलली आणि डाव्या हाताने, त्या डाव्या हाताने, त्याच्याकडे फेकली. ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. मध्येच चिखलात पडली. भाचा त्या हाताकडे बघतच राहिला. मग वाकला, जुडी उचलली आणि बांधीत उतरला. तिसऱ्या पावलाला तो बसलाच. बाया इतक्या हसल्या की ओळ खरोखर वाकडी झाली.

सोमवारी तो माझ्या नवऱ्याचा लेंगा घालून नागपूरला गेला. उशी इथेच ठेवून गेला. कमोडच्या खुर्चीला ती बरोबर बसते. यादीत आता अठरावं काम आहे: संध्याकाळी उशी वाळत घालणे.