कारण: जेवण

"कारण काय लिहू, मॅडम?"

हातात स्टीलचा डबा, अंगावर साइटचं केशरी जॅकेट आणि एक बोट आमच्या टॅब्लेटवर अधांतरी. क्रेगीबर्नच्या एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात मी बसते आणि तो टॅब्लेट माझ्या राज्यात आहे. शाळेच्या वेळात मूल बाहेर न्यायचं तर त्यावर कारण निवडावं लागतं: आजार, डॉक्टर, घरगुती अडचण, इतर. जेवण हे कारण त्यात नाही. ते जगात कुठे असेल असं मला वाटलंही नव्हतं.

हे गृहस्थ पहिल्यांदा आले तो बुधवार होता, दुपारचे बारा.

"मुलीला घ्यायला आलोय. सुटली ना शाळा?"

"अहो, सव्वातीनला सुटते. आज का सुटेल?"

"बुधवारी पूर्ण दिवस?" रविवारीही शाळा भरते असं मी सांगितल्यासारखे ते दचकले.

ते मूळचे चिंचवडचे, पाण्याच्या प्रकल्पांवरचे इंजिनिअर. मुलगी तीन देशांत फ्रेंचमधून शिकलेली. भाषा एक म्हणजे शाळेची घंटाही एक, असा माझा समज; तसं मी म्हटलंही.

"छे. डकारला एकला सुटायची, पण आठवड्यात दोन दिवस तीनला परत भरायची. ब्रसेल्सला बुधवारी अर्धी शाळा, एरवी डबा शाळेतच. जिनिव्हाला रोज साडेअकराला घरी, जेवून दीडला परत. इथे जेवायला किती वेळ?"

"दहा मिनिटं. मग खेळायचं."

"दहा?" त्यांनी डबा काउंटरवरच ठेवला. "एवढ्यात आमची आमटीसुद्धा निवत नाही."

मग ते मुलीला जेवायला न्यायला रोजच येऊ लागले. कारण म्हणून कधी डॉक्टर दाबायचे, कधी अडचण. वर्गशिक्षिका कुरकुरायला लागल्या तेव्हा मी या गृहस्थांना स्पष्ट सुनावलं, की हे जिनिव्हा नाही.

ते शांतपणे म्हणाले, "तिची आई तिथेच गेली, मॅडम. त्यानंतर ही माझ्याशी बोलायची ती त्याच दोन तासांत. संध्याकाळी एक शब्द नाही."

मी हबकले.

पण पुढच्याच आठवड्यात मुलगी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. नऊ वर्षांची, दोन वेण्या.

"बाबा, प्लीज डोन्ट कम. एव्हरीवन ईट्स हिअर. आय वॉन्ट टू सिट विथ देम."

टॅब्लेटवरचं बोट मागे आलं. "नो वरीज," ते म्हणाले आणि डबा घेऊन निघून गेले. खरं सांगते, मला हायसं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

सात महिन्यांनी एकदा एकच्या घंटेला गाडीतून फाइल आणायला बाहेर गेले. कुंपणापलीकडे गमट्रीच्या झाडाखाली त्यांची जीप उभी होती, आणि ते आत डबा मांडीवर घेऊन बसलेले. कुंपणाच्या अलीकडे मुलगी मैत्रिणींबरोबर, बाकाच्या अगदी टोकाला, रस्त्याकडे तोंड करून. त्यांनी झाकण काढलं तसं तिनेही आपलं काढलं. कोणी हात हलवला नाही.

मैदानावर ड्यूटीला असलेल्या बाईंना मी विचारलं, तर म्हणाल्या, "हिम? एव्हरी डे, लव्ह."

रोज. माझ्या नाकाखाली. मी किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले.

डिसेंबरात त्यांची बदली झाली. "नूमेआला. परत फ्रेंच. बुधवारी अर्धी शाळा, विचारून ठेवलंय," ते फोनवर म्हणाले.

शेवटच्या दिवशी एक वाजता मुलगी एकटीच ऑफिसात आली. बाहेर जीप उभी होती. नियमाप्रमाणे पालकांनी आत यायला हवं होतं. टॅब्लेटपुढे उभी राहून तिने पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलायला तोंड उघडलं.

"कारण काय लिहू?"

'इतर'च्या रकान्यात मीच टाइप केलं: जेवण.

ती जीपकडे पळाली. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. दोन वाजता वर्गातून फोन आला, मुलगी कुठे आहे म्हणून. मी म्हटलं, "जेवतेय अजून."