दुसऱ्याच्या वाट्याचे आभार

मी मत्सरी माणूस नाही, असं मी चौदा वर्षं सांगत आलो होतो. लग्न ठरत असताना मी आणि माझी होणारी बायको पुण्यातल्या एका हॉटेलात भेटलो, तेव्हा ती म्हणाली होती, "नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला शिकत असताना माझा एक मित्र होता, आपल्याकडचाच. दोन वर्षं. तुला काही विचारायचं असेल तर आत्ताच विचार." मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, "सगळ्यांचंच काही ना काही असतं. अजून एक चहा सांगू?" त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

गेल्या उन्हाळ्यात मुलीला आजीकडे ठेवून आम्ही नेदरलँड्सला गेलो. उतरलो होतो रायस्वाइकला, बायकोच्या मावसभावाकडे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "डेल्फ्टला चालतच जाऊ. कालव्याच्या कडेनं सरळ रस्ता आहे."

पुण्यात फूटपाथ शोधत माझ्या मागून येणारी माझी बायको त्या दिवशी सतत माझ्या चार पावलं पुढे होती. सायकलींच्या लाल पट्ट्यावर मी दोनदा चुकून गेलो, दोन्ही वेळा तिनं मागे येऊन मला दंडाला धरून बाहेर ओढलं. गावात शिरल्यावर एका बेकरीत ती डच बोलायला लागली. पाव देणारा माणूस काहीतरी म्हणाला आणि ती खळखळून हसली. इतकी मोकळी हसलेली मी तिला कधी बघितली होती, ते मला आठवेना.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही रे. मराठीत सांगितलं तर त्यात गंमत नाही उरत."

पोट सुटलेल्या, साठीच्या त्या बेकरीवाल्याचाही मला राग आला.

मग एका अरुंद कालव्यापाशी ती थांबली. समोर उंच, चिंचोळं घर होतं. वरच्या मजल्यावर तिची खोली होती. "घरमालकीणबाई अजून असतील का गं?" असं मी म्हणेपर्यंत तिनं बेल दाबलीसुद्धा.

दार उघडलं ते ऐंशी उलटलेल्या घरमालकिणीनं. तिनं बायकोला घट्ट धरून तीनदा गालाला गाल लावले. मग जाड भिंगांमधून माझ्याकडे पाहिलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"आलास तर शेवटी!" ती इंग्रजीत म्हणाली. "आणि केस कुठे घालवलेस सगळे?"

मला क्षणभर कळलंच नाही. ती मला ओढतच आत घेऊन गेली, तिथल्या घरांमध्ये असतो तशा खड्या जिन्यापाशी, आणि माझा हात तिनं कठड्यावर ठेवला. "माझे मिस्टर गेले त्या हिवाळ्यात तू अख्खा रविवार खपून हा बसवून दिलास. रोज याला धरून उतरते. तुझे आभार मानायचे राहून गेले होते."

मी बायकोकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं होतं. आता ती सांगेल, हा तो नाही, हा माझा नवरा आहे. ती काहीच बोलली नाही.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.

अर्धा तास आम्ही तिथं बसलो. कॉफी आली, एकेक बिस्कीट आलं. मी दुसऱ्या माणसाच्या जागी बसून मान डोलावत राहिलो. त्याला मासे आवडायचे, तो बाथरूममध्ये गायचा, एकदा बर्फावरून पडून त्याचं मनगट मोडलं तेव्हा बायको त्याला चमच्यानं भरवायची, हे सगळं मला माझंच म्हणून ऐकावं लागलं.

बाहेर पडल्याबरोबर मी म्हणालो, "एक वाक्य बोलायचं होतं तुला. एक!"

"ती किती आनंदात होती, बघितलंस ना? काय सांगणार होते मी तिला?"

"की मी तुझा नवरा आहे."

"तू स्वतः का नाही सांगितलंस?"

मी आवाज चढवला. "चमच्यानं भरवत होतीस, हे मला चौदा वर्षांत कधी बोलली नाहीस."

"मी 'विचार' म्हटलं होतं. तू चहा मागवलास."

ती भराभर चालायला लागली. मी मुद्दाम मागे राहिलो. मोठ्या कालव्यावरच्या उघडझाप पुलावरून ती पलीकडे गेली आणि मी पोचेपर्यंत घंटा वाजून दांडा खाली आला. पूल वर उचलला गेला. वाळूनं भरलेली एक लांबलचक बोट सावकाश जायला लागली. माझ्या भोवती सायकलवाले एक पाय टेकवून उभे होते. पलीकडे ती दिसत नव्हती, आणि खरं सांगतो, ती निघून गेली असेल या विचारानं मी घाबरलो.

फोन वाजला.

"चिडलायस अजून?"

"हो."

"त्याच्यावर की माझ्यावर?"

मी म्हणालो, "त्याच्यावर. त्यानं तुला या गावात पाहिलं. मला तू पुण्यातली मिळालीस, थकलेली."

बोटीचा मागचा भाग पुढे सरकला.

"त्याला कॅनडाला जायचं होतं, मला घरी," ती म्हणाली. "त्याला स्टेशनवर सोडायला गेले, खोलीवर येऊन आठवडाभर झोपून राहिले. बस, एवढंच आहे. आता बोल, ट्रामनं परत जायचं, की सगळं बघायचंय? जिथं बसायचो, जिथं भांडायचो, सगळं दाखवते."

बघायचं नव्हतं. तरी मी म्हणालो, "दाखव."

पूल खाली आल्यावर ती माझ्याकडे आली आणि आम्ही संध्याकाळपर्यंत चाललो. तिची प्रयोगशाळा, पाण्याकाठचा एक बाक, कपडे धुवायचं दुकान होतं तिथं झालेलं चष्म्याचं दुकान. काही ठिकाणी ती भरभरून बोलली. स्टेशनापाशी गप्प झाली. तिथं तिचं मन कुठे गेलं, ते मला दिसत होतं, आणि तिथं मला जाता येत नव्हतं. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण तिची बोटं वळायला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ मी मोजला.

घरी पोचल्यावर मावसभावानं विचारलं, "कसं वाटलं भाऊजी, डेल्फ्ट?"

"सुंदर आहे," मी म्हणालो. ते खरंच होतं. बूट काढले तर दोन्ही टाचांना फोड आले होते. बायको गरम पाण्याची बादली घेऊन आली, खाली बसली आणि माझे पाय पाण्यात सोडता सोडता म्हणाली, "उद्या कुठेतरी अशा ठिकाणी जाऊ, जिथं मीही कधी गेले नाही."

आम्ही गेलो. ती मजेत होती. मी मात्र दिवसभर तिच्या हसण्याकडे लक्ष ठेवून होतो, बेकरीतल्यासारखं येतंय का म्हणून.