सूर्यभान म्हणतात

सूर्यभानजवळ काळी जमीन होती, बैलजोडी होती, दावणीला चार गाई होत्या आणि जिभेला एक खोड होती. 'मला वाटतं' हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत. जे काही म्हणायचं ते तो लोकांच्या नावावर खपवायचा. वरणात मीठ जास्त पडलं तर बायकोला सांगायचा, "लोकं म्हनतात, मीठ जरा बेतानं टाकावं." बिचारा पाच भावांत धाकटा. त्याचं मत विचारायची पाळी यायच्या आधीच घरात सगळं ठरून गेलेलं असायचं. पुढं भाऊ वेगळे निघाले, पण सवय काही वेगळी निघाली नाही. गाव त्याला म्हनतातराव म्हणायचं आणि तोही हसून ओ द्यायचा.

अशात कापसाला भाव आला. भाव कसला, वेडच ते! साता समुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली म्हणे, आणि इकडं अमरावतीच्या बाजारात व्यापारी गाड्यांना आडवे पडायला लागले. बैलांच्या शिंगांना चांदी चढली, ज्वारीच्या वावरात कापूस उभा राहिला, आणि एके दिवशी भगवंतराव पाटलांची नजर गावच्या गायरानावर गेली. गायरान मोडून कापूस पेरायचा. गावाला हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला.

सूर्यभानची झोप उडाली. ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही, आणि आता गायरानही गेलं तर गाईंनी खायचं काय?

"लोकं म्हनतात, गायरान गेलं तं ढोरं मरतीन," तो जेवताना म्हणाला.

"कोनते लोकं?" मैनाबाईनं विचारलं. "घरात तं आपन दोघंच आहो!"

त्यानं मान खाली घालून भाकरी मोडली.

गायरान मोडायचं की नाही यावर गावाचं मत लिहून घ्यायला तहसिलीतून कारकून आला. पारावर बैठक मांडली. आजवर या गावात मत देण्याची रीत सोपी होती: पाटील बोलायचे आणि बाकीचे 'पाटील म्हनतात तेच' म्हणून पान खायचे. पण हा कारकून देशावरचा आणि भलताच काटेकोर. "पाटील म्हणतात ते पाटलांचं मत," तो म्हणाला. "ज्यानं त्यानं आपलं सांगा. मी लिहितो, खाली निशाणी करा."

लोकांची तारांबळ उडाली. कोणी खाकरलं, कोणी पागोटं नीट केलं. पहिल्या काहींनी पाटलांकडं बघत बघत 'मोडा' म्हटलं. मग सूर्यभानचं नाव पुकारलं.

तो उठला. "लोकं म्हनतात, गायरान राहू द्यावं."

पाटील खो खो हसले. कारकुनानं लेखणी वर धरली. "लोकांची निशाणी कशी घेऊ? तुमचं काय म्हणणं?"

सूर्यभानचे ओठ हलले, आवाज फुटेना. कारकुनानं थोडी वाट पाहिली आणि लिहायला घेतलं, "काही म्हणणे नाही."

"थांबा! त्यायचं म्हननं हाये!"

पाराखाली बायकांच्या घोळक्यातून मैनाबाई पुढं आली होती. सगळं गाव वळून बघायला लागलं.

"कोणाचं? नाव सांगा," कारकून म्हणाला.

झाली पंचाईत! नवऱ्याचं नाव असं सरळ कसं घ्यायचं? बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मैनाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि हळदीकुंकवात घ्यावा तसा ठसक्यात उखाणा घेतला:

"कापसाले सोन्याचा भाव, गावाले सुटली हाव;
गायरान मोडू नोका म्हनतात सूर्यभानराव!"

पारावर एकच गलका झाला. कारकुनालाही हसू आवरेना. "काय हो, खरंच असं म्हणता?"

सूर्यभाननं बायकोकडं पाहिलं. तिची मान ताठ होती. आपलं नाव, आपलं मत, आणि ते उरावर घेऊन उभी मात्र ती!

"हो!" तो एवढ्यानं ओरडला की पिंपळावरचे कावळे उडाले. "मी म्हनतो! मले वाटते! माह्यं मत हाये, गायरान मोडू नोका! लिहा!"

कारकुनानं लिहिलं, आणि सूर्यभाननं त्याच्या हातातून लेखणी घेऊन स्वतः नांगराची निशाणी काढली. नांगर चांगला वाकडा आला. मागून थोरला भाऊ खुशालराव उठला. "माह्यंबी तेच." मग आणखी एक. मग मघा 'मोडा' म्हणालेलेच आपलं म्हणणं खोडायला कारकुनाभोवती गर्दी करू लागले, आणि पाटलांचं पान तोंडातच राहिलं. गायरान वाचलं.

घरी येताना मैनाबाई चार पावलं मागून चालत होती. तिला राहवेना.

"काहो, आता लोकं काय म्हनत असतीन?"

"मले नाही मालूम," सूर्यभान म्हणाला. "मी इचारलंच नाही."