शेवटच्या फेरीला बाजूला हो

माझ्यासारखीनं लिहावं का, हे मला अजून कळत नाही. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. भाषा कच्ची आहे, आणि जे सांगायचंय ते चारचौघांत कुणी बोलत नाही. वाचणाऱ्यांनी माफ करावं.

कॉलेजच्या हॉलमध्ये आम्हा लांब पल्ल्याच्या धावपटूंना गोल बसवलं होतं. शर्यतीआधीची काळजी कशी घालवायची, ते शिकवायला बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. म्हणाले, "इथं काही लपवायचं नाही. भीती बोलून टाकली की मन मोकळं होतं." आधी रेवती बोलली. तिचे वडील शहरातले मोठे डॉक्टर. संघाचे बूट त्यांनीच दिलेले. "मला दुसरं येण्याची भीती वाटते," ती म्हणाली. टाळ्या पडल्या.

माझा नंबर आला. मला वाटलं, खरंच विचारतायत.

"शर्यतीआधी माझं पोट ढवळतं. पुन्हा पुन्हा संडासला जावं लागतं. पळताना काही झालं तर, अशी भीती वाटते."

आमचे क्रीडाशिक्षक म्हणाले, "मग टमरेल घेऊन पळ की. तुम्हाला सवय असेलच."

सगळे हसले. तज्ज्ञ तोंडाला रुमाल लावून हसले.

तेव्हापासून माझं नाव टमरेल. "ए टमरेल, सरक." रेवती तर लाडानं म्हणायची, "टमरू."

सवय होती, हे खरंच. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं आमची वस्ती. घरात संडास नाही. पहाटे डबा घेऊन रुळांकडं जायचं. पोरं लांबून मोबाइलचा उजेड मारायची. आम्ही बायका-मुली अर्ध्यावर उठायचो. भीती माझ्या पोटात तिथं शिरली. व्याख्यानानं ती निघणार नव्हती.

संघाच्या निवड-शर्यतीच्या आदल्या दिवशी क्रीडाशिक्षक सरांनी बोलावलं. "पाय चांगले आहेत तुझे. मन कच्चं आहे. उद्या तू पुढं राहून रेवतीला वेग द्यायचा. शेवटच्या फेरीला बाजूला हो."

"सर, मला पण संघात यायचंय."

"तुला? भर मैदानात बसशील आणि कॉलेजची अब्रू घालवशील. पळणं तुमच्या अंगात असतं. टिकायला घरचे संस्कार लागतात."

मी मान डोलावली. लाज वाटली, तीही माझीच.

आई वाळूजला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासते. भाकरी थापत तिनं सगळं ऐकलं.

"मलाबी कामावर जाताना तसंच व्हतं," ती म्हणाली. "मुकादम दिसला की पोटात कालवतं. तरी बसमधी चढतेच ना मी? पोट त्याचं काम करतं. आपण आपलं करायचं."

"मग शेवटी बाजूला होऊ का?"

"का म्हून? मैदान तुझ्या बापाचं नाय. पर त्यांच्याबी बापाचं नाय."

सकाळी रेषेवर पोटात गोळा आला. मागून कुणीतरी म्हणालं, "आणलंस का गं?" या वेळी मी गोळ्याशी भांडले नाही. पंचांना सगळ्यांसमोर सांगितलं, "थांबा, मी संडासला जाऊन येते." गेले. आले. कुणी हसलं, कुणी नाही.

पळतानाही गोळा होताच. राहू दिला. श्वास पावलांना बांधला. पुढच्या वळणापलीकडचं काही मनात येऊ दिलं नाही.

शेवटच्या फेरीची घंटा झाली. कडेला सर हात हलवत होते. "हो बाजूला." मागून रेवतीचा धापा टाकणारा आवाज, "टमरू, हट ना." त्या आवाजात भीती होती. मी ती ओळखली. कीव आली नाही.

हटले नाही. पहिली आले. रेवती मागं पडून निवडीबाहेर गेली.

सरांनी टॉवेल रेवतीच्या खांद्यावर टाकला. मला म्हणाले, "शिस्त मोडलीस. बघतो."

मग कुणी काही सांगेना. विचारलं की एकच, "कळवू." शेवटी काल सुरेखाचा फोन आला. ती गंगापूरची, माझ्याबरोबर पळणारी, संघात निवडलेली.

"आमी स्पर्धेला निघालो गं," ती म्हणाली. "तुझ्या जागी रेवतीला घेतलंय. सरांनी वर प्राचार्यांना कळवलंय, तू मनानं आजारी हायेस. ह्यापुढं तुला कॉलेजकडून पळवायचं नाय म्हणे."

मी आजारी नाही. उद्या प्राचार्यांच्या दारात जाऊन उभी राहणार आहे, आणि मला पळू देणार नाही, हे तोंडावर सांगेपर्यंत तिथून हलणार नाही. सांगितलं, तरी जिल्ह्याच्या खुल्या शर्यतीत पळणार आहे. कुणालाही वेग द्यायला नाही.